जळगाव ते तोरणमाळ, मेनलाइन कर्नलच्या फोनवर: आधी सिमचं बघा

अँड्रॉइड काढून फोनवर लिनक्स टाकणाऱ्यांसाठी एक सपोर्टचा तक्ता असतो: कोणत्या फोनवर काय चालतं याचा. त्यात 'कॉल'पुढे हिरवी खूण आहे, एवढ्यावर भरवसा ठेवून घराबाहेर पडू नका. ती खूण खोटी नसते. ज्याने लावली त्याच्या गावात, त्याच्या सिमवर कॉल लागला होता, एवढाच तिचा अर्थ. मी मात्र "सगळं चालतं भाऊ" हे ऐकून खिशात हा एकच फोन घालून निघालो.

फोन पोको एफ१, स्नॅपड्रॅगन ८४५वाला. त्यावर अँड्रॉइडऐवजी पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणाली, आणि कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा तिचा गाभा, 'मेनलाइन': मूळ लिनक्सच्या अगदी जवळचा, वर थोडेच पॅच (बदल) असलेला. या चिपसोबत फोनमध्ये येणारा कर्नल ४.९ मालिकेतला. त्या मालिकेची मूळ देखभाल जानेवारी २०२३मध्ये संपली, म्हणून हा उद्योग. बूटलोडर उघडणं, फास्टबूट, पीएमबूटस्ट्रॅप ही फोनवर नवी प्रणाली टाकायची कामं आणि साधनं येतात असं धरून पुढचं लिहितोय. येत नसतील तर आधी घरी बसून शिका, प्रवासात शिकायची ही गोष्ट नाही.

जळगावहून नंदुरबारकडे जाणारी गाडी धरली. धरणगावपर्यंत मजेत. ४जीच्या चारही काड्या, इंटरनेट झकास, ब्राउझर पळतोय. अमळनेरला घरून मेसेज आला: "फोन बंद का लागतोय?" मी इकडून लावला, लगेच कट. पुन्हा लावला, पुन्हा कट.

कारण साधं आहे आणि ते आधी कुणी सांगत नाही. माझं सिम ज्या कंपनीचं, तिच्याकडे २जी-३जी नाहीच. तिच्यावर आवाज जातो तो फक्त व्होल्टीईने, म्हणजे ४जीच्या डेटावरून, आणि त्यासाठी फोनला आयएमएसवर, म्हणजे कंपनीच्या कॉल जोडणाऱ्या यंत्रणेवर, वेगळी नोंदणी करावी लागते. अँड्रॉइडमध्ये ती नोंदणी होते बंद (सोर्स कोड उघड नसलेल्या) सॉफ्टवेअरच्या आणि मोडेममध्ये भरलेल्या कंपनीनिहाय सेटिंगच्या जोरावर. मोडेम म्हणजे चिपमधला नेटवर्क सांभाळणारा वेगळाच प्रोसेसर. त्याचं फर्मवेअर सही केलेलं आणि बंद. लिनक्स ते लोड करतो, क्यूएमआय भाषेत त्याच्याशी बोलतो आणि बाजूला होतो. कर्नल कालचा असो की आजचा, आयएमएसची नोंदणी त्याच्या हातात नाही. डेटा धावतो आणि कॉल मरतो तो यामुळे.

दोंडाईचाच्या आधी पाकिटातलं दुसरं सिम घातलं, जिचं २जी अजून चालू आहे त्या कंपनीचं. फोन रीस्टार्ट केला आणि कॉल लागला! ४जीवरून २जीवर घसरून लागला, पण लागला. आवाज मात्र कानाच्या स्पीकरऐवजी खालच्या मोठ्या स्पीकरमधून. आई काय काय बोलली ते अख्ख्या डब्याने ऐकलं. समोरच्या बाकावरच्या बाबांनी फोनकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ फोन शे का डबडं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तर, निघण्याआधी नेहमीच्या अँड्रॉइड फोनमधून मुख्य नंबरचं कॉल फॉरवर्डिंग २जीवाल्या नंबरवर लावून ठेवा. सिम काढायची पिन खिशात ठेवा. माझ्याकडे एकच खाच चालली, दोन सिम एकदम चालतील असं धरू नका.

दुसरा ताप झोपेचा. माणसाच्या नाही, फोनच्या. स्क्रीन बंद केली की अँड्रॉइडचा फोन खरोखर झोपतो, कारण कंपनीने त्या एका बोर्डासाठी वीजपुरवठ्याचा प्रत्येक धागा घासूनपुसून बसवलेला असतो. मूळ कर्नलला बोर्डावर काय कुठे जोडलंय हे डिव्हाइस ट्रीच्या फाइलमधूनच कळतं, कारण पीसीसारखं हार्डवेअर स्वतःहून आपली ओळख देत नाही. त्या फाइलीत जे कुणी लिहिलं नाही ते चालू तरी राहतं किंवा दिसत तरी नाही. नंदुरबारला उतरलो तेव्हा ४००० एमएएचच्या बॅटरीत २१ टक्के उरले होते, आणि मी फोन वापरलाही नव्हता. पॉवरबँक लावली तर आकडा जागचा हलेना. जलद चार्जिंग विसरा, रात्रभर भिंतीला लावून ठेवा. मे महिन्यात तर येऊच नका. आपल्याकडच्या उन्हात धड फोनही तापून मंदावतात.

शहाद्याला वेगळीच गंमत. यूपीआयचं ॲप यावर नाही आणि माझ्याकडे सुट्या नोटांचे हाल. जीपवाल्याने ते ओळखलं आणि 'स्पेशल'चा भाव लावला, शेअरिंगच्या तिप्पट. घासाघीस केली, उपयोग शून्य. रोख पैसे जळगावातच काढा, शंभराच्या नोटांत. हा मुद्दा मी दहादा लिहू शकतो.

तोरणमाळ छान आहे. यशवंत तलाव, सीताखाई, थंड हवा. कॅमेरा चालत नव्हता, त्यामुळे फोटो नाहीत. जीपीएसला पहिली जागा पकडायला इतका वेळ लागला की घाट निम्मा चढून झाला होता. नकाशा ऑफलाइन घेऊनच या.

मोडेम मध्येच कोसळला तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो स्वतःच परत उठतो. नाही उठला तर रीस्टार्ट. स्क्रीन गेली तर यूएसबीने लॅपटॉप जोडून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएच करता येतं, म्हणजे लॅपटॉपवरून फोनमध्ये शिरून आज्ञा देता येतात. त्यासाठी डेटावाली केबल न्या. स्टॉलवर मिळणाऱ्या स्वस्त केबलीतून बहुधा फक्त चार्जिंग होतं.

हाच फोन जुना घेणार असाल तर एक सांगतो. त्यात स्क्रीनचे दोन प्रकारचे पॅनेल येतात, टियानमा आणि ईबीबीजी, आणि दोघांचा टच कंट्रोलरही वेगळा. चुकीच्या पॅनेलची इमेज (प्रणालीची फाइल) टाकली तर स्क्रीन काळी. रिकव्हरी मोडमधून कर्नलची कमांड लाइन (सुरू होताना त्याला मिळणाऱ्या सूचना) वाचली की पॅनेलचं नाव दिसतं. दुकानदाराला विचारू नका, तो "दोन्ही सारखेच" म्हणतो आणि वर पाचशे जास्त मागतो.