आमची वाटचाल : सोडून गेलेल्यांची वही

आमची वाटचाल लिहून दे असं मुलगा सहा महिने मागे लागलाय. प्रेस कधी सुरू झाली, पहिली मशीन कुठली, वगैरे. ते पटकन सांगून टाकतो. 1998 च्या दसऱ्याला गिरगावात चाळीतल्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर ठेवून डीटीपीची, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पानं लावायची कामं घ्यायला लागलो, पेजमेकर आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं, लग्नपत्रिका आणि पतपेढ्यांचे अहवाल, त्यावर चार-पाच वर्षं निघाली. 2003 ला लोअर परळला गाळा भाड्याने घेतला आणि सेकंडहँड डॉमिनंट, म्हणजे ऑफसेट छपाईची मशीन आणली. 2013 ला भाडं परवडेना म्हणून छपाई आणि बाइंडिंग वसई पूर्वेला नेलं, डीटीपी लोअर परळलाच ठेवलं. आता पुस्तकं, खोके, लेबलं, दिवाळी अंक सगळं करतो, 22 माणसं आहेत.

पण मला लिहायचंय ते जे आज नाहीत त्यांच्याबद्दल. आमच्या हिशोबाच्या कपाटात एक लाल बांधणीची वही आहे, ती माझी बायको ठेवते, तिला सगळे वहिनी म्हणतात. जो कोणी काम सोडून गेला त्याचं नाव, तारीख आणि जाताना त्याने काय कारण सांगितलं ते तिने त्यात लिहिलेलं आहे. सुरुवातीला नुसतं हिशोब मिटवण्यासाठी होतं, कोणाची उचल बाकी, कोणाचे किती दिवस द्यायचे. 41 नावं आहेत. कारणांचा रकाना वाचला तर वाटेल की आमच्या प्रेसमधल्या निम्म्या लोकांच्या आया आजारी होत्या आणि बाकीच्यांना गावी जमीन बघायची होती.

पुढे कधीतरी वहिनीने शेजारी अजून एक रकाना आखला आणि त्यात वेगळ्या पेनाने खरं कारण लिहायला लागली, जसं जसं कळेल तसं. कधी वर्षाने कळतं, कधी चार वर्षांनी, एखाद्याच्या लग्नात, ट्रेनमध्ये, कोणाच्या तेराव्याला. दोन रकाने एकमेकांशी जुळतात अशी नावं मी मोजली, 41 पैकी सहा.

सगळ्यात जास्त मला लागलेलं नाव आमच्या पहिल्या मशीनमनचं. 2003 ला डॉमिनंट आली त्या दिवसापासून तो होता, मशीनचा नुसता आवाज ऐकून सांगायचा की ब्लँकेट गेलंय का रोलर कोरडा पडलाय. राहायला नालासोपारा, मूळ गाव कणकवलीजवळ. 2016 ची गोष्ट. कोकणातल्या माणसाचा गणपती आणि प्रेसवाल्याचा दिवाळी अंकाचा सीझन हे दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात, अंक दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे तरी बाजारात जायला हवा म्हणजे छपाई भाद्रपदातच सुरू, आणि त्याच दिवसांत अर्धी प्रेस गावी. त्या वर्षी गणपती 5 सप्टेंबरला होते. त्याने मे महिन्यात, तेव्हा 120 दिवस आधी रिझर्व्हेशन उघडायचं, पहाटे चार वाजता लाईनीत उभं राहून घरच्या पाच जणांची तिकिटं काढलेली. मला सांगितलंही होतं, मी मशीनवर प्लेट बघत होतो, हो म्हणालो असेन.

ऑगस्टमध्ये एक मोठं काम आलं, दोन अंक एकदम. मी त्याला म्हटलं, या वर्षी तेवढं जमव, तुझ्याशिवाय चार कलर कोण जुळवणार. तो काही बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "शेठ, यंदा पूजेला मी बसणार होतो, वडील थकले आता." मी म्हटलं पुढच्या वर्षी दहा दिवस जा, पगारी देतो. त्याने बायकोपोरांना पाठवलं, स्वतःचं एक तिकीट रद्द केलं आणि मशीनवर उभा राहिला. दोन्ही अंक वेळेत गेले, एकही फॉर्म, म्हणजे पानांचा छापील ताव, परत छापायला लागला नाही. दिवाळीला बोनस घेतला आणि डिसेंबरमध्ये सोडलं. कारण सांगितलं, दुसरीकडे पाचशे रुपये जास्त मिळतायत.

मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की बघा, तेरा वर्षं सांभाळलं आणि पाचशे रुपयांसाठी गेला. मनापासून तसंच वाटायचं मला. 2018 ला आमच्या बाइंडरच्या मुलीच्या लग्नात भेटला, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलो, तेव्हा वहिनीने सहज विचारलं, वडील कसे आहेत. म्हणाला, गेले. 2017 च्या मे महिन्यात. म्हणजे 2016 चा तो गणपती त्यांचा शेवटचा होता आणि मुलगा वसईला माझ्या मशीनवर होता. त्याने हे मला ऐकवायचं म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाला, "शेठ, तुमचाही नाइलाज होता." मला घास गिळवेना.

त्यानंतर आम्ही गणपतीची सुट्टी मे महिन्यातच लिहून घेतो, कोण कधी जाणार, कधी येणार, आणि त्या दहा-बारा दिवसांत बसतील तेवढेच अंक घेतो. दोन क्लायंट गेले त्यात. एक परत आला.

या एका माणसामुळे मला एक गोष्ट नीट कळली की माणूस डिसेंबरमध्ये गेला असेल तर त्याचं मन ऑगस्टमध्येच गेलेलं असतं, मधले महिने तो नुसता कामावर येत असतो. आम्ही मालक लोक कायम म्हणतो, बोनस घेतला की माणसं पळतात. बोनसच्या कायद्यात किमान 8.33 टक्के आहे, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, तेवढा आम्ही द्यायचो. आता कोण एका पगारावर पाणी सोडून दिवाळीच्या आधी जाईल? बोनसमुळे जायची तारीख ठरते, जायचं कशामुळे ते आधीच ठरलेलं असतं. मी काही वर्षं बोनस दिवाळीनंतर द्यायचा प्रकारही करून पाहिला, लोकांनी वाट बघितली आणि मग गेले, आणि त्या दिवाळीला त्यांच्या घरी पोरांना कपडे उशिरा आले. तो प्रकार मी बंद केला.

उचलीचंही तेच. पूर्वी मला वाटायचं उचल दिली की माणूस बांधला जातो. कटिंगवरचा एक मुलगा बहिणीच्या लग्नासाठी साठ हजार घेऊन गेला, महिन्याला अडीच हजार कापत होतो, बरोबर दोन वर्षं गप्प काम केलं आणि शेवटचा हप्ता कापला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या दोन वर्षांत त्याने मला एकदाही काही मागितलं नव्हतं, ओव्हरटाइमसुद्धा नाही. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जो माणूस भांडतो, शेठ हे बरोबर नाही म्हणतो, तो अजून आपला असतो.

पगाराचं म्हणाल तर पगार महत्त्वाचा नाही असं मी कधीच म्हणणार नाही, मुंबईत खोलीचं भाडं आणि पोरांची फी भरणाऱ्याला असलं काही ऐकवणं पाप आहे. पण वहीत बघितलं तर नुसत्या आकड्यासाठी गेलेले थोडे आहेत, जास्त गेले ते शेजारच्याचा आकडा कळल्यावर. मी नवीन ऑपरेटर आणला, बाजारभावाने आणला, कारण त्याहून कमीत येतच नव्हता, आणि सहा वर्षं असलेल्याला त्याच्यापेक्षा दोन हजार कमी देत राहिलो कारण त्याने मागितले नाहीत. प्रेसमध्ये पगार लपत नाही, चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तो गेला, आणि त्याने काम शिकवलेला एक हेल्परही महिन्याभरात त्याच्या मागे गेला.

मग सॅलरी स्लिप. हे मी कबूल करतो की 2014 पर्यंत आमच्याकडे पगार थोडा चेकने आणि थोडा व्हाउचरवर हातात असा होता. आमच्या बाइंडिंगच्या सुपरवायझरला बदलापूरला वन बीएचके घ्यायचा होता, बँकेने स्लिपा आणि फॉर्म 16 मागितला, कागदावर त्याचा पगार इतका कमी की लोन बसेना. तो माझ्याकडे आला होता, मी म्हटलं बघू. तीन महिन्यांनी तो दुसरीकडे गेला, हातात येणारे पैसे तिथे कमी होते पण सगळे बँकेत जमा होत होते आणि पीएफ होता. आम्ही तेव्हा 14 जण होतो, 20 च्या खाली पीएफ सक्तीचा नाही म्हणून मी कधी विचारच केला नव्हता. नंतर चौकशी केली तर स्वेच्छेने घेता येतो असं कळलं, घेतला, 12 टक्के त्यांचे 12 आमचे, आणि पूर्ण पगार बँकेत. पहिले दोन-तीन महिने माणसांनीच कुरकुर केली की हातात कमी येतात. पण त्यानंतर चार जणांची घरं झाली, तिघं नालासोपारा-विरारला आणि एक नेरळला. त्यातलं एकही नाव वहीत नाही.

आणि एक कारण असं की मला ते आधी खरंच वाटेना. आमचा एक फीडर, म्हणजे मशीनला कागद लावणारा, कामाला एक नंबर, मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागला, पगार आमच्यापेक्षा कमी आणि दिवसभर उभं राहायचं. वहिनीने त्याच्या आईला विचारलं तेव्हा कळलं की लग्नाच्या बायोडाटावर नोकरीच्या पुढे 'प्रेसमध्ये हेल्पर' लिहिलं की पुढचा फोनच येत नव्हता, मॉलमध्ये त्याला सेल्स एक्झिक्युटिव्हचं कार्ड मिळालं. चार वर्षं तो मशीन चालवायला शिकला होता आणि मी त्याला हजेरीवर हेल्परच लिहीत होतो, कारण तसं लिहायची पद्धत होती. आता आम्ही दर एप्रिलला हुद्दे बघतो, असिस्टंट ऑपरेटर तर असिस्टंट ऑपरेटर, कार्ड छापायला काय, प्रेस आपलीच आहे.

वसईला गेलो तेव्हा तर एकदम पाच जण गेले. गाळ्याचं भाडं किती वाचेल याचा मी कागद भरून हिशोब केलेला, पण कल्याणचा माणूस वसईला कसा येणार याची एक ओळ त्यात नव्हती. दिवा-वसई गाडी आहे, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या. मग दादरला येऊन वेस्टर्न पकडायची, परत तसंच. एकाने तीन महिने केलं, घरी रात्री साडेदहाला पोचायचा, मुलगी झोपलेली असायची. त्याने कारण सांगितलं, पाठ दुखते.

वसईच्याच गाळ्यात बाइंडिंगच्या बायका टिकायच्या नाहीत, मला वाटायचं काम जड आहे. वहिनीला त्यांच्यातल्या एकीने सांगितलं की मजल्यावरच्या कॉमन संडासाला आतून कडी नाही आणि संध्याकाळी वॉचमन कुलूप लावतो, म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. मी रोज तिथे होतो आणि मला हे माहीत नव्हतं. आम्ही गाळ्याच्या आतच एक बांधून घेतला, आठ दिवसांचं काम.

काही जाणं आपल्या हातात नसतं. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली. आमची डीटीपीची एक मुलगी रोज परळला उतरून त्याच पुलावरून यायची, त्या दिवशी मागच्या गाडीत होती म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी दसरा, मशीनची पूजा, तिच्या वडिलांचा फोन आला की उद्यापासून ती येणार नाही. मी काय बोलणार. तिचा पगार मी स्वतः घरी नेऊन दिला. लॉकडाऊनमध्येही तसंच, लोकल बंद, सगळ्यांसाठी म्हणून सुरू झाली ती 15 ऑगस्ट 2021 ला आणि तीही दोन डोस घेतलेल्यांना, तोवर गावी गेलेल्यांपैकी दोघांनी तिकडेच बस्तान बसवलं. त्यांच्या नावापुढे दोन्ही रकान्यांत एकच कारण आहे.

हे आत्ता लिहायला बसलो त्याचंही कारण आहे. गेल्या सोमवारी आमची डोंबिवलीहून येणारी डिझायनर, लॉकडाऊनपासून आहे आमच्याकडे, टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "दादा, गुरुवारी हाफ डे हवाय. खोटं नाही सांगत, इंटरव्ह्यू आहे." 27 वर्षांत आम्हाला जायच्या आधी हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, तिकडे काय आहे जे इथे नाही. ती म्हणाली पगार थोडा जास्त आहे पण खरं म्हणजे तिकडे आठवड्यातले दोन दिवस घरून काम आहे, तिची सासू पडली आहे आणि ऑफिसला यायला-जायला रोज साडेतीन तास जातात. लॉकडाऊनमध्ये तिने आमचं सगळं काम घरून केलंच होतं की. मी म्हटलं दोन दिवस इथेही होईल, पगाराचं मला पंधरा दिवस दे, आणि इंटरव्ह्यूला जरूर जा.

गुरुवारी जाऊन आली. चांगला झाला म्हणाली. त्यांचा फोन अजून आलेला नाही. काल मंगळवारी ती पहिल्यांदा घरून कामाला बसली, बारा वाजता एका लेबलचं प्रूफ पाठवलं, त्यात मी पाहिलेली एक चूक तिने आधीच दुरुस्त केली होती. वहिनीने लाल वही कपाटातून काढलेली नाही.