आमची वाटचाल : बिलबुकापासून मशीनच्या क्रमांकापर्यंत

ठाण्यात घरगुती आणि छोट्या ऑफिसांमधल्या एसींची दुरुस्ती, सर्व्हिसिंग आणि वार्षिक करार असा आमचा धंदा. सहा टेक्निशियन, तीन जोड्या, एक टेम्पो. कार्बनचं बिलबुक आणि तारीखवार रजिस्टर यांवर बरीच वर्षं निभावलं. तारीखवार वही कुठे अडते, ते उन्हाळ्यात फोन आला की कळतं. "मागे तुमच्या माणसाने गॅस भरला होता, परत थंड होत नाही." गॅस भरून ९० दिवस उलटले की नाही, यावर पैसे घ्यायचे की फुकट जायचं हे ठरणार, आणि तारीख आठवत नसेल तर ते पान सापडत नाही.

वही स्प्रेडशीटमध्ये उतरवल्यावर तेच दुखणं नव्या रूपात आलं. नावाने शोधावं तर 'जोशी', 'जोशी काका', 'जोशी बी विंग' हे तिघे एकच. मोबाइल नंबर धरावा तर कुठे सुरुवातीला शून्य, कुठे +९१. ते दहा आकडी करून घेतलं, पण भाडेकरू गेला की नंबर जातो आणि एसी भिंतीवरच राहतो. शेवटी नोंद माणसाच्या नावाने न ठेवता मशीनच्या क्रमांकाने ठेवली. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हा प्रश्न त्यानंतरचा, आणि त्यामानाने किरकोळ.

प्रत्येक मशीनला क्रमांक आणि क्यूआर स्टिकर. आउटडोअरवर लावलेलं स्टिकर उन्हापावसात एका वर्षात पांढरं पडतं. फिल्टरवर लावलं तर फिल्टरबरोबर धुतलं जातं. टिकतं ते इनडोअरचं पुढचं झाकण उघडल्यावर बाजूच्या कोरड्या प्लास्टिकवर. कागदी नको, लॅमिनेशन केलेलं पॉलिस्टर हवं. क्यूआरखाली क्रमांक आकड्यांतही छापायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला फोनवर वाचून दाखवता येतो. क्यूआरमध्ये फक्त क्रमांक. नाव-पत्ता त्यात घातला तर कुणीही स्कॅन करून वाचेल.

क्रमांकापुढे टनेज, गॅसचा प्रकार, इन्व्हर्टर आहे की नाही, बसवल्याचं वर्ष. पण सगळ्यात उपयोगी ठरला तो रकाना कुठल्याच तयार सॉफ्टवेअरमध्ये नव्हता : आउटडोअरपर्यंत पोचायचं कसं. खिडकीतून हात पुरतो, शिडी लागते, की छज्ज्यावर सेफ्टी बेल्ट बांधून उतरावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर जोडी रिकाम्या हाताने परत येते आणि अर्धा दिवस जातो.

जॉब कार्ड, म्हणजे एकेका कामाची नोंद, फोनवर आणलं तेव्हा पहिल्या फॉर्ममध्ये २२ रकाने होते. एक हात ड्रेन पाइपला आणि एक हात फोनला असलेला माणूस २२ रकाने भरत नाही. तो संध्याकाळी चहा पिताना आठवून भरतो, आणि मग सगळ्या मशीनचा थंडावा नेमका १२ अंश निघतो. आता रकाने सात. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान, अँपिअर, दाब, बिघाडाचं कारण, बदललेला भाग, भरलेला गॅस ग्रॅममध्ये. थर्मामीटर आणि क्लॅम्प मीटरचा (अँपिअर मोजायचं यंत्र) फोटो सक्तीचा. दाबाआधी गॅसचा प्रकार विचारायचा, कारण आर-२२ ला चालू मशीनमध्ये ६०-७० पीएसआय ठीक असतो आणि आर-३२ ला साधारण दुप्पट लागतो. प्रकार माहीत नसेल तर फॉर्म चुकीचा आकडा पकडू शकत नाही. इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरचा वेग बदलेल तसा दाबही हलतो. तिथे मशीन रिकामं करून, व्हॅक्यूम करून, नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा.

ग्रॅमच्या रकान्याने आणखी एक काम झालं. सिलिंडर सकाळी आणि संध्याकाळी तोलायचा, घट आणि दिवसभराच्या कार्डांची बेरीज जुळवायची. होजमध्ये, म्हणजे गॅस भरायच्या नळीत, थोडा गॅस जातोच. रोज एकाच जोडीची घट जास्त येत असेल, तर आधी होजचे वायसर बघावेत, माणसाकडे नंतर.

फोटोंचा हिशेब आधीच करावा. ४ एमबीचे तीन फोटो, रोज १० कामं, म्हणजे १२० एमबी. गूगलच्या फुकट खात्याची १५ जीबी जागा चार महिन्यांत भरते आणि मग त्याच खात्यावर ईमेल येणंही थांबतं. फॉर्मनेच फोटो २०० केबीपर्यंत बारीक केला की रोजचे ६ एमबी. बेसमेंटमध्ये रेंज नसते, म्हणून फॉर्म ऑफलाइन साठवणारा हवा. आणि जॉब नंबर ऑफिसातून आधीच दिलेला हवा, नाहीतर 'पाठवा' तीनदा दाबलं की एका कामाच्या तीन नोंदी होतात.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टवर फार विसंबू नये. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो. 'उन्हाळी ऑफर' कुणी उघडत नाही. 'हॉलमधल्या एसीची सर्व्हिस मागच्या मार्चमध्ये झाली होती' याला उत्तर येतं, आणि ते पाठवायचं पाडव्याच्या आधी. एप्रिलमध्ये तारीख द्यायला आमच्याकडेच जागा नसते.

पैशांत घोळ झाला तो टेक्निशियनच्या खासगी क्यूआरवर रक्कम घेतल्याने. आता फर्मचाच क्यूआर, शेऱ्यात जॉब नंबर. गिऱ्हाइकाचा स्क्रीनशॉट पुरावा धरायचा नाही, खात्यात जमा दिसली पाहिजे.

जीएसटीचा दर बिलाच्या सूत्रात कोरून ठेवणं ही आमची ढोबळ चूक. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि त्याच्या भागांवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला. सूत्र बदललं, आणि जुन्या बिलाची प्रत काढली तर तीही १८ टक्क्यांनी छापून आली. दरांचा तक्ता वेगळा हवा, प्रत्येक दरापुढे 'कधीपासून' ही तारीख हवी, आणि झालेलं बिल पीडीएफमध्ये गोठवलेलं हवं.

टेम्पोत एक कागदी बिलबुक अजून असतं, फोन बंद पडला तर. त्याची मालिका वेगळी, 'एम' अक्षराने सुरू होणारी. पूर्वी दोन्हीकडे एकच मालिका होती आणि एका क्रमांकाची दोन बिलं रिटर्न भरताना सापडायची.