दोन स्मशानं

पाचगणीतली जुनी माणसं तिथल्या एशिया प्लॅटो या शिबिर-केंद्राला अजूनही 'एमआरए' म्हणतात. फ्रँक बुकमन या अमेरिकी पाद्र्यानं १९३८ साली लंडनमध्ये 'मॉरल रीआर्ममेंट'ची, म्हणजे नैतिक बळ पुन्हा उभं करण्याची, हाक दिली, तिचं हे आद्याक्षरी नाव. २००१ मध्ये चळवळीनं 'इनिशिएटिव्हज ऑफ चेंज' हे नाव घेतलं. इथलं केंद्र राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ला सुरू केलं. प्रामाणिकपणा, पावित्र्य, निःस्वार्थीपणा, प्रेम हे चार निकष, आणि सकाळी वही घेऊन गप्प बसायचं. आतून जे ऐकू येईल ते लिहायचं. देव मानणाऱ्यानं देवाचं, न मानणाऱ्यानं मनाचं. माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. मी गेले होते दुभाषी म्हणून, मानधन बरं होतं.

समोर ग्रामपंचायतींचे चाळीसेक सदस्य. पाहुणे अमेरिकेतल्या रिचमंडचे: एक गोरे गृहस्थ, एक कृष्णवर्णीय बाई, दोघंही सत्तरीचे.

पहिल्याच वाक्याला अडले. 'रेस'ला 'वंश' म्हटलं, तर सगळे नुसते बघत राहिले. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे जात का हो मॅडम?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं. दुभाष्यानं असं पदरचं घालायचं नसतं. पण त्यानंतर लोक ऐकायला लागले, हेही खरं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात रिचमंड ही गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेची राजधानी. तिथल्या शॉको बॉटममध्ये माणसांचा बाजार भरायचा. १९९३ मध्ये काळे आणि गोरे शेकड्यांनी एकत्र येऊन अशा खुणा पुसलेल्या जागांवरून चालत गेले. आपल्या घराण्यानं गुलाम ठेवले होते हे उघड बोलायला त्या गृहस्थांना अर्धं आयुष्य लागलं म्हणे. बाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी कुणाला माफ केलं नाही. बरोबर चालले, एवढंच." हे मी मराठीत सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या.

मग एक सदस्य उठल्या. पहिलीच टर्म, पदर सारखा सावरत होत्या. "आमच्या गावात दोन स्मशानं आहेत," त्या म्हणाल्या. "एकाला शेड आहे, एकाला नाही." आणि बसल्या.

मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. गृहस्थांनी अगदी भाबडेपणानं विचारलं, "गाव मोठं आहे का?" सभागृहात कुणी हसलं नाही. मी उत्तर जुळवत होते, तोवर बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. बाईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. रिचमंडमध्ये काळ्यांची जुनी दफनभूमी होती, त्या सांगू लागल्या; तिच्यावर डांबर ओतून गाड्या लावायची जागा केलेली. ते डांबर २०११ मध्ये निघालं.

"कुणी काढलं?" त्या सदस्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"सरकारनं," बाई म्हणाल्या. "पण लोक वर्षानुवर्षं मागे लागले होते."

'रिकन्सिलिएशन'ला मी दिवसभर 'सलोखा' म्हणत होते. सलोखा म्हणजे भांडण मिटलं. इथं भांडण झालंच कुठं होतं? पण दुसरा शब्द सुचला नाही, आजही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शांततेत त्या सदस्य वही घेऊन माझ्याकडे आल्या. शाळेत फार दिवस जाता आलं नव्हतं. "तुम्ही लिहा, मी सांगते," म्हणाल्या. मी पेन उघडलं. शेडचे पत्रे किती लागतील, खांब किती, आणि ग्रामसभेत हा विषय कुणाच्या तोंडून निघाला तर टिकेल, एवढंच त्यांनी सांगितलं. खांबांचा आकडा त्यांनी दोनदा बदलला.