तेरशीची सुकती

आचऱ्यापर्यंतची वाट मला नीट आठवत नाही. मालवणहून निघालो, रामेश्वराच्या पायरीला डोकं टेकलं, तिथेच रात्र काढली आणि उजाडायच्या आत भूपाळी म्हणून पुढे चालू लागलो. शिवरात्रीला आमचं भजनी मंडळ कुणकेश्वराला पायी जातं. आम्ही त्याला वारीच म्हणतो.

मुणगं ओलांडलं आणि डांबर तापलं. ही वाट वडील अनवाणीच चालले, मीही तशीच चालतो. डाव्या टाचेला मोठा फोड आला होता, उजव्या चवड्याला दुसरा येऊ घातला होता. त्यात पुढच्या टेम्पोवरचा भोंगा! मागे माणसं टाळ घेऊन चालत असताना पुढे ध्वनिमुद्रित गाणी कशाला लावायची? आमचा ठेका एका लयीत, भोंग्याचा दुसऱ्या. पाऊल कुठल्या लयीवर टाकायचं तेच कळेना. तोंडात नाम आणि मनात टेम्पोवाल्याशी भांडण, अशी ती दुपार. बागांत कलमांवर कणी धरली होती. एरवी मी थांबून बघितली असती.

मिठबावच्या अलीकडे एक आजी खळ्यात कोकमाची जुनी सोलं उन्हात घालत होती. माझी चाल बघून तिनेच हाक मारली. "बाबानू, हयसर येवा. पायाक काय झाला?" मी पाय पुढे करायला लाजलो, तर तिने स्वतःच वाकून टाच हातात घेतली. फोड फोडायचा नाही, म्हणाली. घरातून मुठेलाचा गोळा आणला. कोकमाचं ते पांढरट तेल निखाऱ्यावर पातळ केलं, निवू दिलं आणि बोटाने फोडाच्या कडेकडेने लावलं. वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. माझी आई गेल्यापासून माझ्या पायाला कुणी हात लावला नव्हता. आजी मात्र हे सगळं करताना भरती-ओहोटीचंच बोलत होती.

"आज तेरस. तिथीची पाऊणपट करा. पावणेदहाक भरती झाली. आता चारांक सुकती सरतली, मगे पाणी येतला. वाळयेतसून जावा, पाय गार रवतले. पण त्येच्या आदी तांबळडेगाक पोचा."

गावाकडचा हा हिशोब मला ठाऊक होता: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि त्यानंतर सहा-एक तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, सरते. पण तिच्या तोंडून तो घड्याळापेक्षा खात्रीचा वाटला. मी तिला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती म्हणाली, "माका नको, देवाक करा."

आम्ही पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, उतरलो. टेम्पो रस्त्याने गेला आणि भोंगा सुटला. ओली, घट्ट वाळू, एका बाजूला सुरूची झाडं. पखवाजाला आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा होता. त्याने भजनी ठेका धरला आणि आम्ही गजर घेतला. चालता चालता कुणीतरी पावली सुरू केली, गोल झाला. आठ मात्रांचा तो ठेका साधा असतो, पण त्यात टाळाची खरी कसोटी एकाच जागी, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. तिथे पडला तर पडला, नाहीतर साऱ्यांना कळतं. मुलाने दुगण केली, ठेका दुप्पट वेगाने धरला, तशी माझी सगळी नजर, सगळे कान त्या एका जागेवर गेले. टाचेकडे द्यायला काही उरलंच नाही. टाळ माझा, हात माझे, पण वाजवतो कोण हे त्या वेळी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. समोरचे काका रडत होते. ते का रडतात असा प्रश्नही मनात आला नाही.

घोट्याला पाणी लागलं तेव्हा मी वर बघितलं. सूर्य पार खाली गेला होता. आपण तांबळडेगच्या जवळ आलो असणार असं मी धरून चाललो होतो, तर जिथे पावली सुरू केली तिथली ओढून ठेवलेली होडी हातभर अंतरावर होती. आम्ही पुढे सरकलोच नव्हतो. पायांनी वाळूत गोल खळगा पडला होता आणि त्यात लाट येऊन भरत होती. कुणी बोललं नाही. पखवाज डोक्यावर घेऊन सगळे सुरूंखालच्या मऊ वाळूत चढलो, आणि पाय पुन्हा दुखायला लागले.

त्याला मी समाधी म्हणणार नाही, तो शब्द मोठ्यांचा आहे. पण एवढं खरं की मन रिकामं करून बसलो की मला वेळ टोचतो, आणि मन काठोकाठ भरलं की तो जातो.

कुणकेश्वराला रांग, ढकलाढकली, दर्शन. अमावास्येला गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला समुद्रात उतरल्या, तेव्हा मीही त्यांच्यामागे उतरलो. खारं पाणी टाचेला झोंबलं, पट्टी सुटून गेली.

परतताना गाडीत गजर झाला. बसून वाजवला, चांगला वाजला, पण मालवण किती राहिलं ते मला सतत कळत होतं. मंडळाच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: पुढच्या खेपेला टेम्पोत पाणी आणि औषधं ठेवा, भोंगा नको. आणि मिठबावची वाट तिथी बघून ठरवा, म्हणजे सुकतीची पुळण जास्त वेळ मिळेल.