वारा सरतोय का?

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बझारच्या घरात पोटाच्या तक्रारीवर शेवटचा शब्द आत्याचा. एरंडेल, वर गरम पाणी, ‘उद्या सकाळी बघ’. मागच्या उत्तरायणात सगळे गच्चीवर पतंगात, आणि आत्याने उंधियूला हात लावला नाही. चार दिवस पोट साफ नव्हतं. गुपचूप दोनदा एरंडेल घेऊन झालं होतं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, कळा थांबून थांबून येत होत्या. पहाटे उलट्या सुरू झाल्या तेव्हा रिक्षा बोलावली.

सर्जनने आधी विचारलं, ‘बा, वाछूट थाय छे?’ 76 वर्षं बडोद्यात काढलेल्या बाईला अचानक गुजराती कळेना. शेवटी मीच कानाशी वाकले, ‘आत्या, वारा सरतोय का गं?’ तिने भिंतीकडे बघत दोन बोटं दाखवली. दोन दिवस बंद.

शौचाचे दिवस आम्ही मोजत होतो, वाऱ्याचं मात्र कुणी विचारलंच नव्हतं. वारासुद्धा अडला म्हणजे आतडं पुरतं बंद झालेलं असू शकतं. त्यावर जुलाब म्हणजे तुंबलेल्या मोरीत नळ सोडून देणं.

सीटी स्कॅनमध्ये डावीकडे, सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणात, गाठ दिसली. आतड्याला कडं घातल्यासारखी. तिथवर मल घट्ट झालेला असतो, त्यामुळे अरुंद वाटेत लवकर अडकतो. मला चक्रावलं ते पुढच्या वाक्याने: अडलंय डावीकडे, फुटायची भीती उजवीकडे! लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली झडप मागे काही सोडत नसेल, तर मोठं आतडं दोन्हीकडून कोंडतं आणि सगळ्यात जास्त ताण त्याच्या सुरुवातीच्या रुंद भागावर, सिकमवर, येतो. तिचं सिकम फुगून 11 सेंटिमीटर रुंद झालं होतं.

नाकातून जठरात रायल्स ट्यूब ही नळी, सलाइन, तोंडाने काही नाही. आतून जाळीचा स्टेंट बसवून वाट मोकळी करायची आणि काही दिवसांनी सवडीने ऑपरेशन, असाही मार्ग असतो. पण उजवीकडे बोट लावलं तरी ती कळवळत होती, म्हणून थांबायचं नाही असं ठरलं. हार्टमन ऑपरेशन: गाठीसकट तुकडा काढायचा, खालचं तोंड शिवून टाकायचं, वरचं पोटावर आणून तिथे मलासाठी पिशवी लावायची. हार्टमन नावाच्या फ्रेंच सर्जनने ते 1921 मध्ये मांडलं, हे मी बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचलं. (अशा वेळी वाचू नये.) लगेच जोडत का नाहीत, विचारलं, ताणून सुजलेल्या आतड्याचा जोड सुटायची भीती, म्हणाले.

बायोप्सी, लिम्फ नोड, केमो हे सगळं नंतर आलंच. पण ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पोटावरची रिकामी पिशवी टम्म फुगली, आणि सिस्टर वॉर्डभर ऐकू जाईल अशी ओरडली, ‘बा, वाछूट थई!’ शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हात जोडले. आत्याने चादर तोंडावर ओढून घेतली.

थोड्या वेळाने चादरीतून आवाज आला, ‘वहिनीला फोन कर. म्हणावं, सरला.’