घोरतोय, झोपू दे

गणपतीला दोन दिवस उरले होते. 2023 चा सप्टेंबर. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी दापोलीचा स्टँड फुललेला, पावसाने धरलेली झड, आणि रुग्णालयात रात्रपाळीला मी, एक सिस्टर आणि एक मावशी. साडेअकराला दारात रिक्षा थांबली ती आरडाओरड घेऊनच.

ओरडत होता एकच, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. "मी मरतोय, माझं हृदय थांबलंय!" मी त्याची नाडी धरून उभा होतो, आणि ती मिनिटाला 136 पळत होती. डोळे लालबुंद, जीभ कोरडी ठाक. उभा राहिला की झोक जायचा. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "तीन तास झाले ना?" वडिलांचं निदान ठरलेलं होतं: तिन्हीसांजेला खाडीवर गेला होता, तिथे बाहेरचं काहीतरी लागलं. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, तरी उतरेना, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

मला मात्र ऑगस्ट आठवत होता. त्या महिन्यात कर्दे, लाडघर, केळशी असं करत आमच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून येत होती. कस्टम्स आणि पोलिसांनी मिळून दोनशे किलोंहून जास्त माल गोळा केला. रोजच्या पेपरात तेच, नाक्यावर तेच. वडिलांना बाहेर पाठवलं आणि पोराला विचारलं, "खाल्लंस की ओढलंस?" पोलिसांचं नाव न काढता विचारलं की पोरं सांगतात. म्हणाला, सुपारीएवढा तुकडा चघळला. पाऊण तास काहीच होईना, म्हणून आणखी एक.

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. चरस चिलमीतून ओढला तर काही मिनिटांत डोक्यात पोचतो, त्यामुळे माणूस कुठेतरी थांबतो. खाल्लेला आधी पोटात, मग यकृतात जातो आणि तिथे त्यातल्या टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचा, आणखी जोरकस प्रकार तयार होतो. अंमल चढायला तास-दोन तास लागतात आणि उतरायला सहा-आठ तास, कधी जास्तही. वाट पाहून कंटाळलेला माणूस दुसरा तुकडा तोंडात टाकतो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, काळ ताणला जातो, आपण मरतोय याची पक्की खात्री होते. आधीच मनाचा आजार असलेल्याला याने भलतंच वळण लागू शकतं. पण धडधाकट तरुण केवळ एवढ्याने सहसा दगावत नाही.

वडील दारातून डोकावून विचारत होते, "एमडी तर नाही ना घेतलं?" हल्ली टीव्हीमुळे प्रत्येक नशा एमडीच असते. मेफेड्रोन, 2015 पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली बंदी असलेली पावडर. ती घेतलेला पोरगा घामाने निथळला असता, अंग तापलं असतं, दात करकरा आवळले असते, बाहुल्या विस्फारल्या असत्या, रक्तदाब चढला असता. याचं तसं काही नव्हतं. तरी ईसीजी काढला, साखर पाहिली, सलाईन लावलं, झोपेच्या औषधाचा छोटा डोस दिला, आणि मावशीला त्याच्याशी गप्पा मारत बसवलं. मावशी त्याला यंदाच्या मखराबद्दल विचारत होती. औषधापेक्षा त्याचाच गुण जास्त आला असावा.

या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली.

त्याच रिक्षातून त्याचा चुलतभाऊही आला होता. पंचविशीचा, त्याच दिवशी सकाळी मुंबईहून उतरलेला. दोघांनी बगलेत धरून आणलं आणि बाकड्यावर आडवं केलं. सोबत आलेले काका म्हणाले, "याने जरा जास्त घेतली. घोरतोय, झोपू दे." मी लांबून एक नजर टाकली आणि मान डोलावली. ओरडणाऱ्याकडे धावायचं, निजलेल्याला निजू द्यायचं. सतरा वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाने असं करावं, याची लाज अजून जात नाही.

सलाईनची बाटली घेऊन जाताना सिस्टर त्याच्यापाशी थबकल्या. "सर, याचं घोरणं मला बरं वाटत नाहीये."

जवळ गेलो. ते घोरणं नव्हतंच. जीभ मागे पडून घशात अडकलेली हवा खरखरत होती, हुक्क्यात पाणी खळखळावं तशी, आणि मग शांतता. घड्याळ काढलं. एक श्वास. पुढच्याची वाट पाहतोय, पाहतोय... पंख्याची करकर ऐकू येत होती. मिनिटात पाच. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 68. ओठ जांभळे. पापणी उघडून टॉर्च मारला, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, उजेड पडला तरी तशाच. सिस्टरनी त्याच्या खिशात हात घातला तर चॉकलेटची चांदी निघाली. तिच्यावर, पावसाळ्यात भिंतीवर गोगलगाय फिरून गेल्यावर दिसते तशी, एक वाकडी तपकिरी रेघ.

गर्द, म्हणजे हेरॉईन. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर नळीने ओढायचा.

अफूच्या कुळातलं काहीही घ्या, गर्द असो, मॉर्फिन असो की औषधाच्या दुकानातली ट्रामाडोल, जास्त झालं की ते श्वासाचा ताल धरणाऱ्या मेंदूच्या भागालाच झोपवतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की आपण एरवी तडफडून श्वास घेतो, पण इथे ती तडफडच उठत नाही. माणूस गुदमरतो आणि त्याला गुदमरल्यासारखं वाटतही नाही. वर दारू असली तर दोन्ही मिळून श्वास दाबतात.

हनुवटी वर उचलली, ॲम्बू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, तोंडावर लावली आणि दाबायला लागलो. याच्यावर उतारा आहे, नॅलोक्सोन. पण कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये एकही ॲम्प्युल नाही. सिस्टर म्हणाल्या, "ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांच्या डब्यात असेल." आणि धावल्या. दोन निघाली, 0.4 मिलिग्रॅमची. एक पातळ करून थोडं थोडं शिरेतून सोडलं. सगळं एकदम दिलं असतं तर दचकून उठला असता, ओकला असता आणि ती ओकारी फुप्फुसात गेली असती. तिसऱ्या वेळी छाती हलली. मग पुन्हा. ऑक्सिजन नव्वदीपार गेला. डोळे उघडून म्हणाला, "काय त्रास देता राव? जाऊ द्या मला घरी."

नातेवाइकांना वाटलं, झालं. काका तर चपला घालायला लागले. त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. उताऱ्याचा अंमल तास-दीड तासात संपतो आणि विष मात्र आत शिल्लक असतं. मी बोलत होतो तेवढ्यात पोराची मान पुन्हा पडू लागली. दुसरं ॲम्प्युल काढलं. तिसरं नव्हतं. 108 ला फोन लावला.

काका खरं सांगत नव्हते ते पोलिसांच्या भीतीने. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, मी केलीच, ती करावीच लागते. पण त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मला केस चालवायची नाही, औषध ठरवायचंय. आणि 1985 च्या त्या एनडीपीएस कायद्यातच 64अ कलम आहे: व्यसनी माणूस स्वतःहून उपचार पुरे करायला तयार असेल, तर सेवनाच्या गुन्ह्यात त्याची खटल्यातून सुटका होऊ शकते. तेव्हा कुठे त्यांनी मुंबईला पोराच्या आईला फोन लावून माझ्या हातात दिला.

"डॉक्टर, दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता. दोन महिने हात नाही लावला हो त्याने," त्या रडत म्हणाल्या. "मग आज कसं काय झालं?"

त्यामुळेच झालं होतं. रोज घेणाऱ्याचं शरीर सरावतं, पण बंद केलं की तो सराव काही आठवड्यांत ओसरतो. हात मात्र जुनंच माप विसरत नाही. केंद्रातून सुटल्यावरचे पहिले दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. त्या बाईंना मी त्या क्षणी एवढंच म्हणालो, श्वास चालू आहे, चिपळूणला पाठवतोय.

दोन वाजता ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या डॉक्टरांच्या हाती ॲम्बू बॅग आणि सगळी हकीकत दिली. काका पुढे बसायला निघाले, त्यांना मागे बसवलं. "याला झोपू द्यायचं नाही. घोरायला लागला की डॉक्टरांना हलवून सांगायचं. आणि मला फोन."

आतला पोरगा एव्हाना मावशीचा हात धरून निजला होता. मी मुद्दाम जाऊन त्याचे श्वास मोजले. सोळा.

तीनला फोन वाजला, खेडच्या अलीकडून. घाटात रेंज तुटत होती.

"डॉक्टर, काका बोलतोय. घोरत नाहीये. शिव्या देतोय हो सगळ्यांना. तुम्हालाही."

"देऊ दे," मी म्हणालो.