जांभ्यावरची चिकणमाती: दाजीपूर-आंब्याकडची लाल जमीन

कोल्हापुरात चिकणमाती म्हटलं की नदीकाठची काळी जमीन आठवते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. दाजीपूर, आंबा घाट इथल्या घाटमाथ्यावरच्या जंगलातली लाल मातीही चिकणच, पण तिचा स्वभाव वेगळा. मूळ खडक दोन्हीकडे बेसॉल्टच, म्हणजे काळा कातळ; घाटमाथ्यावर मात्र धो धो पावसाने चुना, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचाच जांभा झाला. त्यातली चिकण केओलिनाइट जातीची, फारशी फुगत नाही. म्हणून भेगा कमी, निचरा बरा, पण अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद तोकडी.

हाताने पारखताना इथंच फसगत होते. लोहामुळे कण एकमेकांना चिकटून बारीक रवाळ गोळ्या होतात आणि माती वाळूसारखी लागते. मूठभर माती ओली करून चांगली पाच मिनिटं मळा, मग अंगठ्याने पट्टी काढा. 5 सेंमीपेक्षा लांब पट्टी न तुटता आली, तर चिकण नक्की.

सगळी सुपीकता वरच्या काळपट, पालापाचोळ्याच्या थरात. तो खरवडला की खाली आम्लधर्मी लाल माती, आणि ती उघडी पडून वाळली की कधी कधी दगडासारखी घट्ट होते. रोपं लावताना म्हणूनच वरची माती वेगळी काढून मुळांशी घाला. स्फुरद (फॉस्फरस) नुसतं फेकू नका, लोह ते बांधून ठेवतं. शेणखतात कालवून मुळाजवळ द्या. आम्लता कमी करायला चुना मात्र माती तपासल्याशिवाय नको.